सदतीस अंश

१

मास्तरांना जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि त्यांचं मशीन अजून थंड व्हायला तयार नव्हतं.

खाणीच्या साहेबांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. सव्वीस वर्षं मी डिझेल इंजिनांची वायरिंग तपासते आहे. लोक मला मीटरबाई म्हणतात, कारण गळ्यात मीटर अडकवल्याशिवाय मी कुठल्याच मशीनपाशी जात नाही. झपाटलेली मशीनं मी पुष्कळ पाहिली. शेवटी निघतं काय, तर उंदराने कुरतडलेली वायर.

"हसा तुम्ही," साहेब म्हणाले. "पण या. माझा एकही ऑपरेटर त्या केबिनमध्ये बसायला तयार नाही."

सकाळी आठला मी पोचले. धुकं इतकं दाट होतं की रस्ता पायांनीच चाचपावा लागत होता. दगडाची पांढरी पूड पत्र्यांवर, खिडक्यांवर, उभ्या माणसांच्या खांद्यांवर बसली होती. आणि आवाज म्हणून नव्हता. चालू खाणीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. इथे मला माझ्याच बुटांचा आवाज नकोसा झाला.

शेडबाहेर खोदकामाची दोन मशीनं उभी होती, एक मोठं, एक लहान. खाणीत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली मास्तरांची. मास्तरांनी शाळा कधी शिकवली नव्हती. माणूस इतका शिस्तीचा की सगळ्यांनी मिळून हे नाव ठेवलेलं. त्या दिवशी सकाळी ते थोरलीच्या पाठीवर चढले, पाणी बघायला रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि उकळतं पाणी उसळून तोंडावर आलं. तिथून ते खाली दगडावर पडले. साहेबांच्या अहवालात लिहिलं होतं, 'तासभर काम करून तापलेल्या इंजिनाचे झाकण स्वतःच्या निष्काळजीपणाने उघडले.'

त्यांचा एक हातमोजा अजून वरच्या कठड्यावर होता, पुडीने पांढरा झालेला, बोटं पसरून. तो उचलायलाही कुणी वर गेलं नव्हतं.

ऑफिसच्या भिंतीवर किल्ल्यांची फळी होती. धाकटीचा खिळा रिकामा होता. थोरलीच्या खिळ्याला किल्ली होती, पण साहेबांनी तिला हात लावला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी काढून दिली.

"ही दगड भरायच्या लोडरची. सगळी मशीनं एकाच कंपनीची आहेत, कुठलीही किल्ली कुठेही चालते. ती मास्तरांनी शेवटची फिरवलेली, ती नको."

मी केबिनमध्ये चढले आणि इंजिन सुरू न करता किल्लीने फक्त आकड्यांचा पडदा लावला. बाहेर हवा नऊ अंश. पडद्यावर इंजिनाच्या पाण्याचं तापमान सदतीस. मी खाली उतरून इंजिनावर तळहात टेकवला. लोखंड इतकं गार होतं की हात झटकन मागे आला.

"सदतीस," साहेब लांबूनच म्हणाले. "जिवंत माणसाच्या अंगाइतकं. अकरा दिवसांत जो केबिनमध्ये गेला तो हाच आकडा बघून उतरला, एक अंश वर नाही की खाली नाही."

२

इंजिनाच्या पाण्यात बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. तो काही फार शहाणा नसतो. पाणी थंड असलं की विजेला जास्त अडवतो, गरम झालं की सैल सोडतो. इंजिनाचा कॉम्प्युटर त्याच्याकडे पाच व्होल्ट पाठवतो आणि परत काय येतं त्यावरून तापमान ओळखतो. सेन्सर बिघडला तर आकडा नाचतो. प्लग निघाला तर कॉम्प्युटरला वाटतं उणे चाळीसची थंडी पडली, आणि तो दिवा लावून बोंब मारतो. अकरा दिवस एकाच आकड्यावर चिकटून बसणं हे यातल्या कशातच बसत नव्हतं.

मी माझं वाचनयंत्र, म्हणजे कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारी डबी, लांब केबलने जोडून इंजिनापाशी आणलं. साहेबांना केबिनमध्ये बसून आकडा वाचा म्हटलं असतं तर ते घरीच गेले असते.

मग मी सेन्सरचा प्लग ओढून काढला.

प्लग डाव्या हातात होता. सेन्सर समोर नुसता, बिनवायरीचा, एखाद्या उपटलेल्या दातासारखा. आता पडद्याला पाण्याविषयी काहीही कळायला मार्ग नव्हता. मी वाचनयंत्राकडे पाहिलं. त्यावर सदतीसच होतं.

मी प्लगमध्ये मीटरच्या सुया घातल्या. तिथे पाच व्होल्ट यायला हवे होते, पण मीटर शून्यावर. म्हणजे कॉम्प्युटर या प्लगशी बोलतच नव्हता. तो दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता, आणि ते दुसरं कुणी त्याला सारखं सांगत होतं, सदतीस, सदतीस.

अंगावर काटा आला हे कबूल करते. मशीनकडे पाठ करून चालायचं मला धाडस होईना, म्हणून मी चार पावलं उलटी चालत आले, आणि मागे कुणीतरी उभं आहे असं जाणवून थबकले.

३

मागे एक बाई उभी होती. चाळिशीची, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली.

"तुम्हीच ना मीटरबाई? मी मास्तरांची बायको. माझा भाऊ इथे वायरमन आहे, तुम्ही येणार हे त्याच्याकडून कळलं." ती थोरलीकडे बघत नव्हती. "मला एकच विचारायचंय. ते झाकण चुकून उघडलं जातं का?"

"चुकून म्हणजे?"

"विसरून. कारण हे विसरणारे नव्हते. घरी मी कुकरला हात लावला तरी म्हणायचे, आधी आकडा, मग झाकण. रोज सकाळी पडदा लावायचा, पन्नासच्या खाली असेल तरच वर चढायचं. वीस वर्षं हेच ऐकतेय मी." तिने स्वेटर ओढून धरला. "मग त्यांनी मुद्दाम उघडलं का, बाई?"

मी गळ्यातला मीटर बंद केला. 

"त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. माझ्या भावावरून. यांनी थोरलीच्या बकेटने शेडचं दार चेपलं, आणि भावाने सगळ्यांसमोर चेष्टा केली. एवढ्यावरून महिनाभर दोघं बोलत नव्हते. मी म्हटलं, तुम्ही मोठे आहात, तुम्ही आधी बोला. हे नाही म्हणाले. मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुमच्या हट्टापेक्षा तुम्ही घरी आला नाहीत तरी परवडेल." तिचा आवाज अजिबात हलला नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. "मुलीला काय सांगायचं ते मी बघेन. पण मला खरं कळलं पाहिजे. मुद्दाम असेल तरी सांगा."

"घरातून कधी निघाले?"

"सातला वीस कमी होती. रागात घड्याळाकडेच बघत बसले होते मी. इथे चालत यायला वीस मिनिटं लागतात. सव्वासातला फोन आला."

मी तिला घरी पाठवलं आणि तिथेच उभी राहिले. सातला माणूस पोचतो, सव्वासातला त्याच्या घरी फोन जातो. मग अहवालातलं ते तासभर काम कुणी केलं?

४

आता मला भुताची नाही, वायरची भीती वाटायला हवी होती, म्हणून मी कामाला लागले. सेन्सरपासून सीटच्या मागच्या कॉम्प्युटरपर्यंत वायरींची जुडी बोटांनी इंचाइंचाने चाचपत गेले. सीटच्या पाठीमागे बोटाला गाठ लागली. जुनी जुडी पुडीने खरखरीत, पण हा वीतभर टेप नवा आणि गुळगुळीत.

टेपचं शेवटचं टोक दुमडून छोटा कान केलेला होता. दुसऱ्या दिवशी नखाने चटकन उचलता यावा म्हणून करतात तसा.

टेप सोडला. आत सेन्सरकडे जाणारी वायर कापलेली होती, आणि कॉम्प्युटरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, विजेला ठरावीकच अडवणारा तुकडा, जोडलेला होता. मीटर लावला. बाराशे ओहम. या जातीचा सेन्सर सदतीस अंशांवर असतो तेव्हा जवळपास एवढंच अडवतो. म्हणजे मास्तरांच्या अंगाची ऊब अशी नखाएवढ्या तुकड्यात मावली होती. मला हायसं वाटलं, आणि लगेच संताप आला.

वायरमन शेडमध्ये आपल्या टेबलाशी बसला होता. पस्तिशीचा असेल, डोळ्यांखाली काळं झालेलं. टेबलावर टेपची चार रिळं होती, आणि चारही टोकं दुमडलेली. मी रेझिस्टर त्याच्यासमोर ठेवला.

"मीच लावला," तो म्हणाला. मी विचारायच्या आधीच.

आदल्या संध्याकाळी थोरलीचा सेन्सर नाचायला लागला होता. घडीत शंभर, घडीत वीस. मशीन सारखं ताकद सोडून द्यायचं. नवा सेन्सर यायला तीन दिवस होते. तेवढ्यापुरता डब्यातला हाताला लागला तो रेझिस्टर त्याने जोडला. चुकीचंच आहे ते, पण सगळ्या खाणींत करतात. आणि असं तात्पुरतं काम केलं की मशीनच्या किल्लीला लाल चिंधी बांधायची, हा या धंद्यातला रिवाज. चिंधी म्हणजे पडद्यावर विश्वास ठेवू नका, आधी वायरमनला विचारा.

"मग चिंधी?"

त्याने दोन्ही तळहात टेबलावर उलटे ठेवले. "एकोणीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. हात म्हणतो की गाठ मारली, खिळ्याला अडकवली आणि मग घरी गेलो. पण दाजींना नेल्यावर मी केबिनमध्ये चढलो. किल्ली तिथेच होती. नुसती. किल्ली खोटं बोलेल का, बाई? मी विसरलो. मी दाजींना मारलं."

"मग हा काढून का नाही टाकलास? कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच कळलं नसतं. म्हणूनच नाही काढला."

त्याच्या तोंडाकडे बघवेना. कबुली मिळाली होती आणि माझं काम संपायला हरकत नव्हती. पण रेझिस्टर खोटा आकडा सांगतो, उभ्या मशीनचं पाणी उकळवत नाही. "ऐक," मी म्हटलं, "तू संध्याकाळी गेलास. रात्रभर मशीन उभं होतं. मग सकाळी सातला ते तापलेलं कसं?"

त्याने वर पाहिलं. हा प्रश्न त्याला अकरा दिवसांत पडलाच नव्हता. स्वतःला दोषी ठरवून बसलेला माणूस पुढचा विचार करत नाही.

५

प्रत्येक मशीनमध्ये इंजिन किती तास चाललं याचा आकडा असतो, आणि तो कुणाचं ऐकत नाही. मास्तरांची वही केबिनमध्येच होती, मोत्यासारखं अक्षर. शेवटच्या संध्याकाळची नोंद सहा हजार चारशे बारा. पडद्यावर होतं सहा हजार चारशे एकवीस.

नऊ तास. मेलेला माणूस नऊ तास मशीन चालवून गेला, असं कुणाला वाटलं असतं तर मी त्याला नावं ठेवली नसती. त्या धुक्यात मलाही क्षणभर वाटलं.

धाकटीवाला ऑपरेटर आपल्या मशीनची काच पुसत होता. गोलमटोल, बोलका माणूस. मला बघून म्हणाला, "काय बाई, भुताने चहा विचारला की नाही?"

"विचारला. म्हणाला, रात्रीची पाळी फार झाली."

तो हसला, पण फडकं थांबलं. "रात्री इथे काम होत नाही. परवानगीच नाही."

"थोरलीत नऊ तास जादा आहेत."

"मास्तरांनी लिहायला चुकवलं असेल."

"मास्तरांनी?" मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली. मास्तर आकडा चुकवतील हे खाणीतल्या कुत्र्यालाही पटलं नसतं. त्याने ऑफिसकडे पाहिलं, मग खिशातून किल्ली काढली आणि उगीचच बोटाभोवती फिरवायला लागला. सकाळी फळीवर धाकटीचा खिळा रिकामा का होता ते कळलं. हा किल्ली अडकवतच नव्हता, खिशात घेऊन फिरत होता.

कडी फिरताना मला तिच्यावर काहीतरी लाल दिसलं. "बघू जरा," मी हात पुढे केला. त्याने मूठ मिटली.

६

तासाभराने ऑफिसात आम्ही चौघं होतो. साहेब खुर्चीत, वायरमन दाराशी, धाकटीवाला खिडकीपाशी, आणि टेबलावर ती किल्ली, धाकटीवाल्याने शेवटी स्वतःच आणून ठेवलेली. कडीला लाल कापडाची घट्ट गाठ होती. लोंबणारा भाग कापून टाकला होता, पण गाठ सुटली नव्हती.

वायरमन पुढे आला. गाठीवरून त्याने अंगठा फिरवला. "माझी आहे," तो म्हणाला. "मी दोनदा पीळ देतो."

"म्हणजे तू विसरला नव्हतास," मी म्हटलं. "आता मी बोलते. कुठे चुकलं तर थांबवा. वायरमनने थोरलीची किल्ली चिंधी बांधून खिळ्याला अडकवली. तो गेल्यावर साहेबांनी रात्रीचं काम काढलं, परवानगी नसताना. मोठे दगड होते, धाकटीला उचलले नसते. म्हणून धाकटीवाल्याला परत बोलावून थोरलीवर बसवलं."

साहेब टेबलाकडे बघत राहिले.

"थोरलीचा पंखा इंजिनाचा कॉम्प्युटर चालवतो. पाणी तापलं की पंखा जोरात. पण कॉम्प्युटरला रात्रभर कळत होतं, पाणी सदतीसच आहे. पंखा नुसता रेंगाळत राहिला. ना धोक्याची घंटा, ना दिवा. पाणी आतल्या आत उकळत होतं आणि पडदा शांत होता. पहाटे सहाच्या सुमारास धाकटीवाल्याने मशीन शेडपाशी आणून बंद केलं, आणि किल्ली?"

"खिशात गेली," धाकटीवाला म्हणाला. त्याची सगळी बडबड आटली होती. "सवयच ती. घरी जाऊन झोपलो. उठल्यावर कळलं. रात्री अंधारात कडीकडे बघितलंच नव्हतं, मग चिंधी दिसली."

"मग मास्तर आले. थोरलीचा खिळा रिकामा. शेजारी धाकटीची किल्ली, आणि ती कुठेही चालते. तुम्ही सगळेच घेता तशी त्यांनी घेतली. ती नुसती होती, आणि वायरमनने नंतर केबिनमध्ये पाहिली तीही हीच. मशीन रात्रभर उभं असणार, त्यांनी पडदा लावला, आकडा पाहिला, पन्नासच्या खाली. हातात जाड मोजे, भोवती धुकं, थोडी ऊब लागली असेल तरी सदतीसला ती लागणारच. त्यांनी झाकण उघडलं."

 साहेब म्हणाले, "यात एकट्याचा दोष कुणाचाच नाही, बाई. अहवाल आता बदलला तर खाण बंद होईल."

"होऊ दे," वायरमन म्हणाला.

"अहवालात मास्तरांनी तासभर काम केलं हे तुम्हीच लिहिलंत," मी साहेबांना म्हटलं. "रात्रीचं काम झाकायला. या दोघांची चूक होती, साहेब. तुम्ही मेलेल्या माणसावर ढकललंत. माझा अहवाल मी आज लिहिते, आणि तो तुमच्याकडे येणार नाही, तपास अधिकाऱ्यांकडे जाईल."

खिडकीशी धाकटीवाला रडायला लागला, आवाज न करता, त्याच पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून. मला त्याची दया आली आणि रागही गेला नाही.

७

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खाट, पुस्तकांचं कपाट, आणि खुंटीला पुरुषाचा सदरा अजून तसाच. मुलगी शिकवणीला गेली होती. वायरमन माझ्याबरोबर आला होता, पण उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. बूट काढून बाहेरच उभा राहिला.

मी वहिनींना सगळं सांगितलं, जसं घडलं त्या क्रमाने.  भावाचं नाव आलं तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे.

"म्हणजे त्यांनी आकडा बघितला होता," त्या म्हणाल्या.

"बघितला होता. रोजच्यासारखा."

"आणि कमी होता."

"कमी दाखवत होता. त्यांनी स्वतःला काहीही केलं नाही, वहिनी. ते रोजचंच काम करत होते. तुमच्या बोलण्याचा त्या झाकणाशी काही संबंध नाही."

त्यांनी मान हलवली. मग खाटेच्या कडेला बसल्या आणि अकरा दिवसांचं सगळं एकदम रडल्या. मी तिथे कशाला बसले आहे असं मला झालं, पण उठताही येईना. बाहेर तो जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळाने त्या उठून दाराशी गेल्या.

"चिंधी बांधलीस," त्या म्हणाल्या. "एक फोन नाही करता आला?"

"आम्ही बोलत नव्हतो, ताई."

"मी तर बोलत होते ना तुझ्याशी. मला करायचास."

त्याने काढून ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं.  इतकी सोपी गोष्ट, आणि सगळ्या तपासात ती माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या दोघांना तसं समोरासमोर बघून मला वाटलं, या आता दार लावून घेणार, आणि त्यांनी लावलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं.

"अधिकारी कधी यायचेत?"

"उद्या सकाळी," मी म्हटलं.

"मग उद्या मी येते." त्या भावाकडे बघून म्हणाल्या. "तू सगळं सांगायचंस. काही गाळायचं नाहीस, माझ्यासाठी पण नाही आणि स्वतःसाठी पण नाही. मी शेजारी उभी राहीन." आणि दारातून बाजूला होऊन त्यांनी त्याला आत यायला जागा दिली.